खिळे मोजणारे हात

एका वाचक बाईंचं पत्र आहे. “सकाळच्या चहाबरोबर मी आणि सूनबाई फोनवर वर्डल सोडवतो. पहिला शब्द कोणता टाकायचा यावरून रोज वाजतं. ती म्हणते, संगणकाने शोधलेला एक शब्द आहे, तोच टाका. मी आपला मनाला येईल तो टाकते. कोणाचं बरोबर?”

सूनबाईंचं. पण त्या बरोबर असण्यातून हाती काय लागतं ते पाहिलं, तर सासूबाईंनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

वर्डल म्हणजे दडवलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द मोजक्या प्रयत्नांत ओळखायचा खेळ. टाकलेल्या शब्दातलं अक्षर योग्य घरात असेल तर हिरवं होतं, शब्दात आहे पण दुसऱ्या घरात असेल तर पिवळं, नसेलच तर राखाडी. फेब्रुवारी २०२२ मध्ये गणिताचे सुरेख व्हिडिओ करणाऱ्या ग्रँट सँडरसनने ‘क्रेन’ हा सुरुवातीचा सर्वोत्तम शब्द म्हणून जाहीर केला. (इंग्रजीत पाच अक्षरं, सी-आर-ए-एन-ई, आपल्या शब्दकोड्यात हाच शब्द दोन घरांत मावतो.) काही दिवसांतच त्याने दुसरा व्हिडिओ करून स्वतःची चूक कबूल केली. एकच अक्षर दोनदा आलं की रंग कसे द्यायचे, यात त्याच्या प्रोग्रॅमची बारीकशी गल्लत झाली होती. ती सुधारल्यावर पहिला नंबर आला ‘सॅलेट’चा. एस-ए-एल-ई-टी. पंधराव्या शतकातलं युरोपीय शिरस्त्राण.

खेळाच्या मूळ यादीत २,३१५ उत्तरं होती. सॅलेटने सुरुवात करून पुढे अचूक खेळलं तर सरासरी ३.४२१ प्रयत्न लागतात. क्रेनने साधारण ३.४२५. म्हणजे रोज एक डाव या हिशेबाने सात-आठ महिन्यांत एक प्रयत्न वाचणार, तोही तुम्ही संगणकासारखे खेळलात तर. शिवाय ती यादी आता जशीच्या तशी राहिलेली नाही. एवढ्यासाठी चहा गार करू नये.

खरी मजा पहिल्या शब्दात नसून पुढच्या चाळण्यात आहे. पाच घरं आणि प्रत्येकाला हिरवा, पिवळा किंवा राखाडी रंग, म्हणजे जास्तीत जास्त २४३ तऱ्हांचे जबाब. चांगला शब्द उरलेल्या शब्दांचे पुष्कळ लहान लहान ढीग पाडतो. तो स्वतः उत्तर असलाच पाहिजे असं नाही, आणि नेमकं इथेच माणसं अडतात.

समजा, शेवटची चार घरं हिरवी झाली: आय-जी-एच-टी. पहिल्या घरात ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी यांपैकी कोणीही बसेल. एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. प्रयत्न उरलेत चार. एकेक ठोकत गेलात तर डाव हरायची शक्यता निम्मी. त्याऐवजी ‘फिल्म्स’ टाका. हे उत्तर नाही हे दिसत असताना टाकायचं जिवावर येतं, पण एफ, एल, एम, एस या चौघांची एकदमच झडती होते. चौघांतला कोणी नसला तर ‘ट्रेंड’. त्यात टी, आर, ई, एन आहेत. टी शब्दाच्या शेवटी आहेच, त्यामुळे एरवी पिवळा दिसेल. उत्तर टाइट असेल तरच पहिल्या घरात हिरवा. तिसऱ्या प्रयत्नाला उत्तर पक्कं. (हार्ड मोडमध्ये सापडलेली अक्षरं पुढच्या शब्दात वापरावीच लागतात, त्यामुळे तो लावून खेळणाऱ्यांना ही पळवाट नाही.)

शक्यता निम्म्या झाल्या की एक बिट माहिती मिळाली, हे माप क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दिलं. वर्डलच्या चर्चेत त्यांचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं. माझा जीव मात्र त्यांच्या शंभरेक वर्षं आधीच्या एका माणसात अडकलाय.

अल्फ्रेड व्हेल. न्यू जर्सीतल्या मॉरिस्टाउनला त्याच्या वडिलांचा लोखंडाचा कारखाना होता. १८३७ मध्ये तो सॅम्युअल मोर्सच्या तारयंत्रात भागीदार झाला. मोर्सचा मूळ बेत असा, की शब्दांना क्रमांक द्यायचे, तारेवरून आकडे पाठवायचे आणि पलीकडच्याने कोश उघडून बसायचं. तो बेत मागे पडून अक्षरांना खुणा द्यायचं ठरलं, तेव्हा प्रश्न आला: सगळ्यात छोटी खूण कोणाला? हकीकत अशी सांगतात की व्हेल गावच्या छापखान्यात गेला आणि त्याने केसमधले, म्हणजे टाइपांच्या पेटीतले, अक्षरांचे खिळे मोजले. ज्यांनी जुना छापखाना पाहिलाय त्यांना यातली हुशारी लगेच कळेल. केसचे खण सारखे नसतात. सतत लागणाऱ्या खिळ्याचा खण मोठा आणि हाताशी, क्वचित लागणाऱ्याचा लहान आणि कोपऱ्यात. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांच्या पिढ्यांनी भाषेचं गणित त्या लाकडी खणांत आधीच मांडून ठेवलं होतं. ‘ई’चे खिळे १२,०००, ‘टी’चे ९,०००, ‘झेड’चे २००. म्हणून ‘ई’ला नुसतं टिंब आणि ‘टी’ला नुसती रेघ. पुढे हिशेब करून पाहिला तेव्हा आदर्श मांडणीने तारेचा वेग आणखी फार तर १५ टक्क्यांनी वाढला असता, असं निघालं. खिळे मोजून इतकी मजल!

ते मोजले मोर्सने की व्हेलने, यावर एकमत नाही. व्हेलने स्वतःच्या १८४५ च्या पुस्तकात श्रेय मोर्सलाच देऊन टाकलं. मला विचाराल तर खिळ्यांत हात घालणारा माणूस कारखान्यात वाढलेला व्हेलच असणार. मोर्स पेशाने चित्रकार.

पुढचा मोजणाराही योगायोगाने अल्फ्रेडच. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार झालेले वास्तुविशारद अल्फ्रेड बट्स. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजून त्यांनी स्क्रॅबल या शब्दखेळाच्या सोंगट्या ठरवल्या. ‘एस’च्या मात्र चारच ठेवल्या, नाहीतर जो तो शेवटी ‘एस’ जोडून अनेकवचनं करत सुटला असता. वर्डलमध्येही तेच झालं. मूळ खेळ जे शब्द स्वीकारायचा त्या सुमारे १३,००० शब्दांत ‘एस’ हा ‘ई’च्याही किंचित पुढे होता. उत्तरांच्या मूळ यादीत साधी अनेकवचनं घेतलेली नव्हती, त्यामुळे तिथे तो आठवा होता.

ती छोटी यादीही हातानेच निवडलेली. जॉश वॉर्डलने हा खेळ त्याची जोडीदार पलक शाह हिच्यासाठी केला. पाच अक्षरी १२,००० वर शब्द समोर घेऊन, हा माहीत आहे, हा नाही, अशी तांदूळ निवडावेत तशी निवड पलकने केली आणि अडीच हजारांच्या आसपास शब्द उरले. ही निवड झाली नसती तर रोज शिरस्त्राणांसारखेच शब्द ओळखत बसावं लागलं असतं. वॉर्डलचं आडनाव खेळाच्या नावातच आहे. पलकचं नाव खेळात कुठेही नाही.

तेव्हा बाई, सुनेला म्हणा, सॅलेट टाक. पण आय-जी-एच-टी हिरवं झालं की मला हाक मार.