शोधा, पण बघून बदला

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव 2009 साली मिळालेल्या सामूहिक वनहक्कामुळे देशभर माहीत झालं. समजा, एखाद्या लांबलचक अहवालात या गावाला नुसतं ‘लेखा’ म्हटलंय आणि सगळीकडे पूर्ण नाव हवंय. वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल आणि एच दाबा. वरच्या चौकटीत जुना शब्द, खालच्या चौकटीत नवा. पण घाईने ‘रिप्लेस ऑल’ केलंत, तर ‘लेखापरीक्षण’चं ‘मेंढा (लेखा)परीक्षण’ होऊन बसेल. शिवाय लेखा हे शेजारचं वेगळं गावही आहे. कुठे कोणतं गाव अभिप्रेत आहे, हे संगणकाला कळत नाही. म्हणून एकेक जागा पाहूनच बदल करावा.

मराठीत खरी अडचण विभक्तीची. ‘धानोरा’ शोधलं तर ‘धानोऱ्यात’, ‘धानोऱ्याला’ सुटून जातात. ‘धानो’ एवढंच शोधा, सगळी रूपं हाती येतील. त्यातही ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो; दिसायला सारखा, आतून वेगळा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

चुकलंच तर लगेच कंट्रोल आणि झेड. तरीही बदलाआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवाच.