आधी कणा, मग फांद्या: नावावरून रचनासूत्र

दिल्लीत १ एप्रिल २०१८ पासून बीएस-६ पेट्रोल मिळतं. तेव्हा साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक त्यात किमान ९१ लागायचा. या मोजणीत ज्याला १०० धरतात ते आयसोऑक्टेन, शास्त्रीय नाव २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन. नावावरून त्याचं रचनासूत्र काढू.

नाव शेवटून वाचा. शेवटी 'पेंटेन', म्हणजे पाच कार्बन. ते एका ओळीत लिहा, मधे एकेरी बंधाच्या रेघा द्या, १ ते ५ क्रमांक घाला. हा झाला कणा.

आता फांद्या. मिथिल म्हणजे एका कार्बनची फांदी, ट्राय म्हणजे तीन. दुसऱ्या कार्बनवर एक वर, एक खाली, चौथ्यावर एक. '२' दोनदा आलाय, कारण तिथे फांद्या दोन आहेत.

शेवटी हायड्रोजन. प्रत्येक कार्बनला चारच बंध. कण्याच्या दोन्ही टोकांना आणि तिन्ही फांद्यांना तीन-तीन, तिसऱ्याला दोन, चौथ्याला एक. दुसऱ्याला एकही नाही. त्याचे चारही बंध कार्बनशीच जुळलेत. मुलं नेमकी इथेच सवयीने हायड्रोजन लिहितात आणि गुण जातात.

ताळा करा: कार्बन ८, तर हायड्रोजन दुप्पट अधिक दोन, म्हणजे १८. जमलं!

फांद्यांना महत्त्व आहे. सरळ साखळीचं हेप्टेन याच मोजणीत शून्यावर आहे. त्यावर इंजिन ठोके देतं. फांदी भलत्या कार्बनवर काढली, तर पदार्थच बदलतो.

आता २,३-डायमिथिलब्यूटेन वहीत काढा. हायड्रोजन १४ आले पाहिजेत.