नळाचे पाणी व घरची दक्षता

राजोडी हे वसईच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसलेले गाव. अशा किनारपट्टीत विहिरींचा उपसा प्रमाणाबाहेर झाला, म्हणजे समुद्राचे पाणी भूगर्भातून आत सरकते व विहिरी मचूळ होतात. त्यामुळे येथे नळाच्या पाण्याचे मोल विशेष आहे. वसई-विरारच्या नळांस मुख्यत्वे सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी शुद्ध करून पुरविले जाते. तथापि, केंद्रातून शुद्ध होऊन निघालेले पाणी घरच्या घागरीतही शुद्धच राहील, असे नाही.

याचे कारण असे. नळास पाणी ठराविक वेळीच येत असेल, तर पुरवठा थांबताच जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो. वाहिनीचा सांधा सैल असून तेथे गटाराचे पाणी साचले असल्यास ते आत शिरते व पाणी पुन्हा सुटताच घरोघरी पोचते. पटकी, विषमज्वर, अतिसार व कावीळ यांचा प्रसार अशा रीतीने होतो. पाणी दिसावयास निर्मळ असले तरी त्यात रोगजंतू असू शकतात.

या धोक्यावर उपाय म्हणून पाण्यात क्लोरीन मिसळतात. भारतीय मानकानुसार नळापाशी दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले, तर तो आहे असे समजावे. ही परीक्षा आरोग्य कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावी.

घरी पुढील क्रम पाळावा. पुरवठा सुरू होताच प्रथम येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. पाणी गढूळ असल्यास तुरटी फिरवून निवळू द्यावे व स्वच्छ कापडाने गाळावे. तुरटीने गाळ बसतो, परंतु सर्व जंतू मरत नाहीत. म्हणून नंतर पाण्यास खळखळून उकळी येऊ द्यावी व ती किमान एक मिनिट टिकवावी. उकळणे शक्य नसल्यास क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास थांबावे. मात्र या उपायांनी खारेपणा जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

उकळलेले पाणी झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. भांड्यात बुडालेला एक अस्वच्छ हात सर्व श्रम व्यर्थ घालवितो. शिक्षकांनी शाळेच्या पाण्याच्या पिंपापाशीच हा पाठ द्यावा. मुलांच्या द्वारे तो घरोघरी पोचेल.