एकदा मेलानोमा झाला की दुसऱ्याचीही धास्ती

अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन यांच्या डाव्या खांद्यावरील मेलानोमा १९९३ मध्ये काढण्यात आला. त्वचेच्या कर्करोगांपैकी हा सर्वांत घातक प्रकार. पुढे २००० मध्ये डाव्या कानशिलावर व डाव्या दंडावर, तर २००२ मध्ये नाकाच्या डाव्या बाजूस तो पुन्हा आढळला. २००८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या वैद्यकीय नोंदी पत्रकारांपुढे ठेवण्यात आल्या, तेव्हा पहिलाच कर्करोग शरीरात पसरत गेला का, ही शंका साहजिकच पुढे आली. तसे नाही, चारही गाठी स्वतंत्र आहेत, असे त्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे होते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. पहिल्या गाठीतील पेशी लसिकाग्रंथींत वा फुफ्फुसात पोहोचल्या, तर तो जुन्याच रोगाचा प्रसार ठरतो आणि उपचार अवघड होतात. नव्या जागी नव्याने उगवलेला मेलानोमा मात्र वेळेत सापडल्यास छोट्या शस्त्रक्रियेने समूळ काढता येतो. मॅकेन यांच्या चारपैकी तीन गाठी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच होत्या. कानशिलावरची तेवढी खोल गेली होती. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले ते मेंदूच्या कर्करोगाने.

एकदा मेलानोमा झालेल्या व्यक्तीला दुसरा होण्याचा धोका सर्वसामान्यांपेक्षा सुमारे नऊपट असल्याचे अमेरिकेतील कर्करोग नोंदींच्या आधारे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आकडा छाती दडपवणारा खरा; पण मूळ धोकाच लहान असल्याने बहुसंख्य रुग्णांना दुसरा मेलानोमा कधीच होत नाही. कारण मात्र उघड आहे. गाठ कापून काढली, तरी ज्या उन्हाने ती घडवली त्याच उन्हात वर्षानुवर्षे भाजलेली उरलेली त्वचा शरीरावरच राहते. गोरा वर्ण, अंगावर पुष्कळ तीळ आणि काही कुटुंबांतील जनुकीय दोष यांची त्यात भर पडते. मेलानोमाखेरीज त्वचेचा अन्य कर्करोग होऊन गेलेल्यांनाही हा धोका वाढीव असतो.

पहिल्या वर्षात तो सर्वाधिक असला, तरी वीस वर्षांनंतरही पुरता सरत नाही. म्हणूनच डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासणी आयुष्यभर करावी लागते. आकार वेडावाकडा झालेला, कडा फाटल्यासारखी दिसणारी, एकाहून अधिक रंगांची अथवा वाढत जाणारी तीळसदृश खूण डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

भारतीयांच्या सावळ्या त्वचेत मेलानोमा विरळा. मात्र जो होतो, तो अनेकदा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली असतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यावर असाच मेलानोमा आढळला. १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्याकडे तळव्यावरचा काळा डाग ठेच किंवा भोवरी समजून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. पूर्वी मेलानोमा झालेल्या रुग्णाच्या तपासणीतही पायमोजे उतरवून तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या राहून जाऊ शकतात.