विश्लेषण : दुर्गम टोल्या-पाड्यांचा रस्ता नेमका कुठे अडतो?

गडचिरोलीत १ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा ही एसटी बस सुरू झाली. स्वातंत्र्याच्या ७७ वर्षांनंतर त्या भागात आलेली ही पहिली बस. त्याच दिवशी एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटर रस्त्याचेही उद्घाटन झाले. मात्र गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट आणि पालघरमधील अनेक टोल्या-पाड्यांवरून आजही रुग्णाला खाटेच्या कावडीवर किंवा बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशी घटना घडली, की ‘निधी नाही’ किंवा ‘वनविभाग अडवतो’ अशी उत्तरे मिळतात. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने चित्र पूर्ण होत नाही.

रस्ता नेमका कोणाचा?

महाराष्ट्रात रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि सर्वांत शेवटी ग्रामीण मार्ग. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावातल्या गल्ल्या, अंतर्गत रस्ते आणि गटारे ग्रामपंचायतीची.

खरी अडचण या उतरंडीच्या खाली सुरू होते. गावापासून तीन-चार किलोमीटर आत जंगलात असलेल्या टोल्याकडे जाणारी वाट गावाची अंतर्गत नसते आणि ग्रामीण मार्ग म्हणून तिची नोंदही नसते. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने चालतात, पण कागदावर ती वाट नसते. मग ग्रामपंचायत म्हणते, ‘आमच्या आवाक्याबाहेरचे’, जिल्हा परिषद म्हणते, ‘आमच्या यादीत नाही’ आणि बांधकाम विभाग म्हणतो, ‘हा आमचा दर्जा नाही’. तिघेही नियमाला धरूनच बोलत असतात.

रस्त्याला क्रमांक नसेल तर काय होते?

प्रत्येक ग्रामीण मार्गाला तालुकानिहाय क्रमांक असतो. तो रस्ते विकास योजनेच्या यादीतून येतो. या क्रमांकावरच अंदाजपत्रक तयार होते, त्यावरच जिल्हा नियोजन समिती निधी देते. दुरुस्तीसाठीचा ‘३०५४’ आणि नवीन कामांसाठीचा ‘५०५४’ हे लेखाशीर्ष जिल्हा परिषदेच्या सभांमध्ये कायम ऐकू येतात. बिगर क्रमांकाच्या वाटेवर यातील पैसा खर्च करणे अवघड असते.

म्हणून निवेदने, मोर्चे आणि बहिष्काराचे इशारे देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : आमच्या रस्त्याला क्रमांक आहे का? नसेल, तर ग्रामसभेचा ठराव, त्यावर जिल्हा परिषदेचा प्रस्ताव आणि शासनाकडून दर्जा असा तो प्रवास आहे. हे काम डांबर टाकण्याइतके दिसत नाही, त्यामुळे निवडणुकीत त्याचा फलकही लागत नाही. पण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते.

ग्रामपंचायत स्वतःच्या पैशातून रस्ता का करत नाही?

हिशेब मांडला की उत्तर मिळते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यात ६२,५०० किलोमीटर रस्त्यांसाठी, त्यावरील पुलांसह, ७०,१२५ कोटी रुपयांची तरतूद आहे. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी १ कोटी १२ लाख रुपये. चार किलोमीटरच्या टोल्याला हाच हिशेब लावला, तर खर्च साडेचार कोटींच्या घरात जातो. डोंगर आणि नाले असतील तर त्याहूनही अधिक.

दुसरीकडे ग्रामपंचायतीचा मुख्य आधार म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्यातील ६० टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छतेसाठीच बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांत दिवाबत्ती, शाळा-अंगणवाडीची डागडुजी, अंतर्गत रस्ते असे सगळे बसवायचे. हा निधी वाटताना सर्वाधिक वजन लोकसंख्येला मिळते. दुर्गम तालुक्यांत माणसे थोडी आणि पसारा मोठा. एकाच गट ग्रामपंचायतीत अनेक छोटी गावे आणि टोले, एकमेकांपासून काही किलोमीटर दूर. डोकी मोजून पैसे मिळतात, पण खर्च अंतरावर होतो.

पेसाचा निधी कशासाठी?

राज्यातील १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय २०१५ पासून अमलात आला. पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-शिक्षण, वनसंवर्धन अशा कामांसाठी तो वापरता येतो आणि कामे ग्रामसभेने ठरवायची असतात.

या निधीतून चार किलोमीटरचा डांबरी रस्ता होणार नाही. पण नाल्यावरची एखादी मोरी, चढावरचा काँक्रीटचा तुकडा किंवा पावसाळ्यापूर्वी मुरूम टाकून केलेली वाट अशी छोटी कामे आवाक्यात येऊ शकतात. अनेकदा संपूर्ण वाट खराब नसते. एक नाला आणि दोनशे मीटरचा चिखल एवढ्यावर रुग्णवाहिका अडते.

पेसातील आणखी एक तरतूद दुर्लक्षित राहते. टोला किंवा पाडा स्वतःला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची प्रक्रिया सुरू करू शकतो. त्यासाठी तेथील मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. स्वतंत्र गाव झाले की स्वतंत्र ग्रामसभा होते. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत शेवटच्या टोल्याचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून येतो, स्वतःच्या ग्रामसभेत तो पहिला असतो.

मोठ्या योजनांत टोले का बसत नाहीत?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, तेव्हा निकष लोकसंख्येचा होता. सपाट भागात ५०० आणि आदिवासी, डोंगरी भागात २५० लोकवस्ती. नक्षलग्रस्त भागांसाठी तो पुढे १०० पर्यंत खाली आला. नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील रस्त्यांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये वेगळी योजनाही आली. राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ पासून आहे.

चौथ्या टप्प्यात २०११ ची जनगणना आधार धरली आहे. येथेच गोम आहे. तीस-चाळीस घरांच्या पाड्यात २०११ मध्ये २३० माणसे होती आणि आज ३०० असतील, तरी कागदावर तो पाडा २३० चाच. यावर एक उपाय नियमातच आहे. जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. त्यासाठी वस्त्यांची यादी नीट व्हावी लागते आणि ती यादी तपासण्याची जागा पुन्हा ग्रामसभाच आहे.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेले ‘पीएम-जनमन’ अभियान हा वेगळा मार्ग आहे. त्यात १०० लोकवस्तीच्या पाड्यालाही रस्ता मिळू शकतो. भामरागडमधील माडिया टोले किंवा रायगड-पालघरमधील कातकरी वाड्या यांच्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

वनविभागाची परवानगी खरेच अशक्य असते का?

दुर्गम टोल्याचा रस्ता बहुतेक वेळा वनजमिनीतून जातो. त्यामुळे १९८० च्या वन कायद्यानुसार केंद्राच्या मंजुरीचा प्रस्ताव करावा लागेल, असे सांगून फाइल बाजूला ठेवली जाते. पण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये छोटी वाट आहे. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची पाइपलाइन, वीज व दूरसंचार वाहिन्या अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, या दोन अटी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पाहणीनंतर उपवनसंरक्षक परवानगी देऊ शकतात. प्रस्ताव दिल्लीला जात नाही.

मर्यादाही समजून घ्यायला हवी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. साइडपट्ट्यांसह रस्त्याची रुंदी साडेसात मीटर धरली, तर साधारण १,३३३ मीटर लांबी या मर्यादेत बसते. सहा मीटर धरली तर १,६६६ मीटर. त्याहून अधिक वनजमीन लागत असेल तर मोठा प्रस्ताव टळत नाही. म्हणजे दीड किलोमीटर आतला पाडा जिल्ह्यातच सुटू शकतो, पाच किलोमीटर आतला नाही. आपला पाडा कोणत्या गटात येतो, हे आधी मोजून घेतले तर काही वर्षे वाचतात.

रस्ता झाला तरी पावसाळ्यात संपर्क का तुटतो?

भामरागड हे तालुक्याचे ठिकाण. जिल्हा मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरहून दूर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले. तेथे डांबरी रस्ता होता, वीज होती, कार्यालये होती. तरीही पर्लकोटावरील ठेंगणा पूल पाण्याखाली गेला, की पावसाळ्यात शेकडो गावांचा संपर्क तुटायचा. नव्या उंच पुलाचे काम त्यासाठीच हाती घेण्यात आले.

दुर्गम भागातील रस्त्याचा प्राण डांबरात नसतो. तो मोऱ्या आणि पुलांत असतो. सरकारी भाषेत ‘बारमाही रस्ता’ म्हणजे बाराही महिने वाहन जाऊ शकेल असा रस्ता. उन्हाळ्यात उद्घाटन झालेला आणि जुलैमध्ये नाल्यात बुडणारा रस्ता बारमाही ठरत नाही. अंदाजपत्रक कमी करायचे म्हटले, की कात्री मोऱ्यांना लागण्याचा धोका असतो. म्हणून कामाच्या ठिकाणचा फलक पाहताना लांबीबरोबर मोऱ्या किती आणि कुठे, हेही विचारायला हवे.

इतर सेवांचे काय?

रस्ता अडला, की मागची सगळी रांग थांबते. कूपनलिका खोदणारे यंत्र येत नाही, म्हणून पाण्याची योजना थांबते. सिमेंट-सळई डोक्यावरून न्यावी लागते, म्हणून अंगणवाडीचा ठेकेदार येत नाही. राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ रुग्णवाहिका डांबर संपते तिथे उभी राहते.

रस्ता होईपर्यंतची तजवीज म्हणून काही व्यवस्था आहेत. दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघर’ असते. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या मातेला काही दिवस आधीच तेथे आणून ठेवता येते. संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाळ्यापूर्वीच रेशनचे धान्य पोहोचवले जाते. नंदुरबारमध्ये नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. या सोयी जीव वाचवतात, पण त्या रस्त्याला पर्याय नाहीत. माहेरघरात तारीख माहीत असलेल्या बाळंतपणाची सोय होते, रात्री साप चावलेल्या मुलाची नाही.

जाब कोणाला विचारायचा?

राज्यातील बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तेथे प्रशासक आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले. जिल्हा परिषद सदस्य हा टोल्याचा रस्ता सभागृहात मांडणारा माणूस. तोच नसेल, तर मागणी अर्जाच्या गठ्ठ्यात राहते. शिवाय वित्त आयोगाचा निधी लोकनियुक्त संस्थांनाच मिळावा, असा केंद्राचा नियम आहे.

ग्रामसभा मात्र वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. मोबाइलवर ‘ई-ग्रामस्वराज’ वर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च पाहता येतो. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याबाबत ‘मेरी सडक’ अॅपवर छायाचित्रासह तक्रार करता येते. जेथे नेटवर्क नाही, तेथे शिकायला किंवा कामाला बाहेर असलेली गावची मुले हे पाहू शकतात.

पुढच्या ग्रामसभेला जाताना पाच गोष्टी हातात असाव्यात : रस्त्याचा क्रमांक आहे की नाही, वनजमीन किती मीटर लागते, यादीत पाड्याची लोकसंख्या किती आहे, वाटेत नाले किती आहेत आणि झालेल्या रस्त्याच्या देखभालीची मुदत कधी संपते. शेवटचा मुद्दा नव्याने रस्ता मिळालेल्या गावांसाठी आहे. ग्रामसडक योजनेत देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर पाच वर्षे असते. सहाव्या पावसाळ्यात खड्डा पडला, तर तो जिल्हा परिषदेने स्वतःच्या पैशातून बुजवायचा असतो. ती तरतूद पाचव्या वर्षीच मागून ठेवली नाही, तर मोठ्या कष्टाने आलेली बस परत फिरायला वेळ लागत नाही.