उघड्या डोळ्यांची झोप

टेबलावर कुत्रा निपचित पडलेला, जीभ बाहेर, आणि डोळे मात्र सताड उघडे! नसबंदीसाठी आपल्या लाडक्याला घेऊन आलेल्या मालकाचे धाबेच दणाणते. भूल चढलीच नाही की काय? की जास्त झाली? बहुधा दोन्ही नाही. ती केटामाइनची करामत असते. या औषधाने कुत्रा बधिर होतो, पापण्या मात्र मिटत नाहीत. म्हणून डॉक्टर डोळ्यांत मलम घालतात.

छत्तीसगडमधील नंदिनी नगर ही भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडीच्या खाणींसाठी वसलेली वसाहत. त्याच दुर्ग जिल्ह्यात अंजोरा येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोणते औषध कोणाच्या जोडीला द्यायचे, हा तिथल्या शल्यविभागासारख्या ठिकाणी रोजचाच प्रश्न.

पण जोडी हवीच कशाला? केटामाइन वेदना दाबते, नाडी वाढवते. मात्र एकटे दिले तर कुत्र्याचे स्नायू ताठरतात, प्रसंगी आकडीही येते. झायलाझिनचा स्वभाव नेमका उलटा. त्याने स्नायू सैलावतात. पण हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातील साखर चढते आणि बऱ्याच कुत्र्यांना उलटी होते. गंमत म्हणजे १९६२ साली जर्मनीत हे औषध शोधले गेले ते रक्तदाब उतरवण्यासाठी! दोन्ही एकत्र आली की एकाचे उणे दुसरे बरेचसे भरून काढते, सगळे नव्हे. धडधाकट कुत्रा हा ताण सोसतो. हृदयविकार असलेल्याला ही जोडी धोक्याची. तिथे डॉक्टर दुसरी औषधे निवडतात.

जातीचाही फरक पडतो. ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी, त्यामुळे थायोपेंटोनची भूल लवकर उतरत नाही. आपल्या कारवानीची अंगकाठी तशीच, हे मालकाने ध्यानात ठेवलेले बरे.

झायलाझिनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. ते आपोआपच उतरावे लागते. म्हणूनच आधी वजन अचूक करणे, किती तास उपाशी ठेवायचे ते विचारणे आणि मागचा आजार न लपवणे महत्त्वाचे. उपाशी पोराची कीव येऊन गुपचूप बिस्किट भरवणारे मालक असतातच! भुलीत तीच उलटी श्वासनलिकेत गेली, तर जिवावर बेतते.

शुद्धीवर येताना कुत्रा डोके डोलवतो, कधी विव्हळतो. अंग गार पडलेले असते. शांत, अंधाऱ्या खोलीत पांघरूण घालून ठेवावे आणि धड उभा राहीपर्यंत पाणीसुद्धा देऊ नये.