समुद्रातल्या तेलाची नोकरी आणि गटाचं कर्ज

गेल्या काही महिन्यांत लोहा, मुखेड आणि अहमदपूरकडच्या गटांतून आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून आला. "पोराला समुद्रातल्या तेलाच्या कंपनीत नोकरी लागतेय, एजंट दीड-पावणेदोन लाख मागतोय, गटातून कर्ज द्यावं का?" प्रश्न कर्जाचा आहे, पण उत्तर द्यायचं तर आधी ती नोकरी काय असते ते समजून घ्यावं लागतं. म्हणून आम्ही या कामाची माहिती असलेल्या माणसांशी बोललो, कागद वाचले, आणि आजचं बोलणं त्यावरच ठेवलं आहे.

मुंबईच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात जमिनीखाली तेल आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' नावाच्या रिगने तिथं पहिली विहीर खोदली आणि १९७६ पासून तेल निघू लागलं. या क्षेत्राला मुंबई हाय म्हणतात. ते चालवते ओएनजीसी ही केंद्र सरकारची कंपनी. आपल्याकडे बोअर मारायची गाडी येते ना, रिग म्हणजे तेच काम करणारं, पण समुद्रात पाय रोवून उभं राहणारं अवाढव्य यंत्र. बोअर मारून झाला की गाडी जशी पुढच्या शेतात जाते, तशी रिगही पुढं जाते. प्लॅटफॉर्म मात्र हलत नाही. लोखंडी खांबांवर उभं केलेलं ते एक बेटच असतं. तेल आणि वायू तिथं गोळा होतो आणि नळांतून किनाऱ्यावर, उरणला येतो. या दोन्हींशिवाय बार्ज असतात, म्हणजे दुरुस्तीची आणि बांधकामाची माणसं जिथं राहतात ते तराफ्यासारखे मोठे सपाट बोटीवजा तळ. आणि सामान नेणाऱ्या बोटी, त्या उरणजवळच्या न्हाव्यावरून सुटतात.

हे एवढं सांगायचं कारण असं की "रिगवर नोकरी" म्हणून जे सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा रिगवरचं नसतंच. ते बार्जवरचं असतं, नाहीतर बोटीवरचं. आणि नोकरी ओएनजीसीची नसते, ठेकेदाराची असते, कधी ठेकेदाराच्या हाताखालच्या दुसऱ्या ठेकेदाराची. त्यात कमीपणा काही नाही. समुद्रातलं पुष्कळसं अंगमेहनतीचं काम अशीच माणसं करतात. पण कुणाच्या हाताखाली जातोय हे पोराला आणि आईला ठाऊक पाहिजे.

ओएनजीसीची स्वतःची कायम नोकरी जाहिरात निघून, परीक्षा देऊन मिळते. ती कुणी "लावून" देत नाही. त्या कंपनीत आपल्या मुलांना, मुलींनाही, आत शिरायचा खरा आणि बिनपैशाचा रस्ता म्हणजे अप्रेंटिसशिप. आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी झालेल्यांना कंपनी शिकाऊ म्हणून घेते. वय १८ ते २४, राखीव प्रवर्गांना सवलत. निवड शिक्षणातल्या गुणांवर होते. दरमहा विद्यावेतन मिळतं. अर्ज सरकारच्या अप्रेंटिसशिपच्या संकेतस्थळावरून करायचा असतो. शिकाऊपण संपलं की तिथंच नोकरी मिळेल अशी हमी नसते, हे आधीच सांगून ठेवतो. पण मोठ्या कंपनीचं शिकाऊपणाचं प्रमाणपत्र हातात असलं की पुढचा ठेकेदार दारातून परत पाठवत नाही.

आता ठेकेदाराकडचं काम. तिथं मागणी हाताच्या कसबाला असते. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, परांची बांधणारा, क्रेनला ओझं अडकवणारा रिगर, गंज खरवडून रंग मारणारा. आणि स्वयंपाकी! शंभर-दोनशे माणसं समुद्रात राहतात तर त्यांना चारी ठाव जेवण लागतं, अंथरुणं धुवायला माणूस लागतो. रिगवर सगळ्यात खालच्या पायरीच्या कामगाराला रूस्टअबाउट म्हणतात. सामान उचल, डेक धू, सांगेल ते कर. शिक्षण कमी असलं तरी या कामाला माणूस घेतात, पण नवख्याला थेट समुद्रात नेणं ठेकेदारालाही परवडत नाही. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांचं म्हणणं असं, की आधी दोन-तीन वर्षं जमिनीवरच्या कारखान्यात काढावीत. जिथं नळ जोडतात, मोठे लोखंडी सांगाडे बनवतात अशा यार्डात. वेल्डरने नळाच्या जोडाची '६जी' नावाची परीक्षा पास केली, की त्याला विचारत लोक येतात. ती परीक्षा हाताची असते. साहेबासमोर नळ जोडून दाखवायचा. तिथं वशिला चालत नाही, कारण जोड गळला तर आग लागते.

म्हणजे रस्ता लांबचा आहे. नांदेडच्या किंवा लातूरच्या आयटीआयमध्ये वेल्डरचं एक वर्ष, फिटर किंवा इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं. मग शिकाऊपण. मग यार्ड. त्यानंतर समुद्र. एजंट नेमका हा लांबचा रस्ता कापून देतो असं सांगतो, आणि पैसे घेतो ते त्याचेच.

बोटीवर खलाशी व्हायचं असेल तर रस्ता वेगळा. त्यासाठी जनरल पर्पज रेटिंग नावाचा सहा महिन्यांचा कोर्स असतो. गणित-विज्ञान विषय घेऊन दहावी पास, एकूण गुण किमान ४० टक्के आणि इंग्रजीतही किमान ४० टक्के, वय साडेसतरा ते पंचवीस. कोर्स केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेतच झाला पाहिजे. मग खलाशाचं ओळखपुस्तक मिळतं, त्याला सीडीसी म्हणतात. बाजारात कुठल्यातरी परदेशाच्या नावाची सीडीसी विकत मिळते. तिच्यावर भरवसा ठेवून पैसे घालवलेली पोरं पुष्कळ आहेत. आणि एक साधी गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही. डोळे तपासून घ्या. रंग ओळखता न येणाऱ्याला खलाशी म्हणून घेत नाहीत. फी भरल्यावर हे कळण्यापेक्षा भरण्याआधी कळलेलं बरं.

प्रमाणपत्रांचा बाजार तर वेगळाच. समुद्रात हेलिकॉप्टरने जायचं तर जीव वाचवण्याचं प्रशिक्षण लागतं. बोसिएट म्हणतात त्याला. तीन दिवसांचं असतं, प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. त्यात हेलिकॉप्टरसारखा पिंजरा पाण्याच्या टाकीत बुडवतात, उलटा करतात, आणि आत पट्ट्याने बांधलेल्या माणसाने पट्टा सोडवून खिडकीतून बाहेर यायचं. गोदावरीत पोहलेल्या पोराला हे जमून जाईल. पण ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या पोराला पाण्याची भीती वाटली तर त्यात नवल नाही. प्रशिक्षण चांगलंच आहे, जीव वाचवणारं आहे. पण ते म्हणजे नोकरी नव्हे. नोकरी ठरल्यावर बऱ्याच कंपन्या ते स्वतःच्या खर्चाने करून घेतात. काम हातात नसताना गटाचं कर्ज काढून प्रमाणपत्र घेतलं, की चार वर्षांची मुदत घरी बसूनच संपते.

आता एजंट. आपल्या भागातून ऊसतोडीला माणसं जातात. मुकादमाच्या उचलीनं किती घरं बांधली गेलीत हे आपण जाणतो, आम्ही त्याची बाजू घेत नाही. पण बघा, मुकादमसुद्धा काम द्यायचं तर आधी पैसे देतो. हा एजंट काम देणार म्हणून आपल्याकडूनच पैसे मागतो! ज्याला खरंच माणसांची गरज आहे तो माणसाकडून पैसे कशाला घेईल, हा प्रश्न एका गटातल्या आजीबाईंनी बैठकीत विचारला, आणि आम्हाला वाटतं की त्याहून चांगला प्रश्न आम्हाला सुचला नसता.

कायदाही तेच म्हणतो. जहाजावर माणूस लावणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला तिला मनाई आहे. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. आखाती देशातल्या तेलाच्या कामासाठी पाठवणारा एजंट असेल, तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे असली पाहिजे. ती 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर तपासता येते. असा एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, तोही पावती देऊन. म्हणजे पावणेदोन लाख मागितले, तिथंच गोष्ट संपली. दहावी न झालेल्या मुलाला आखातात कामाला जाताना सरकारची वेगळी मंजुरी लागते आणि विमा काढावा लागतो. ही कटकट नको म्हणून एजंट पर्यटकाच्या व्हिसावर पाठवतो. तसं गेलेल्या माणसाला तिथं कामगार म्हणून कुठलंच संरक्षण उरत नाही.

आम्हाला दाखवलेल्या एका पत्रावर मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह होतं, गोल शिक्का होता, खाली सही होती. पगार वाचून कुणाचेही डोळे विस्फारतील असा. पण पत्र आलं होतं फुकटच्या खासगी ईमेलवरून, मुलाखत झालीच नव्हती, आणि "सुरक्षा अनामत" एका माणसाच्या खासगी खात्यात भरायची होती. मुलगा दहावी नापास, आणि पत्रात पद होतं सुपरवायझरचं. गटाच्या सचिवबाईंनी फोन लावून एवढंच विचारलं, की बार्जचं नाव काय, ठेकेदार कोण, आणि तुमचा परवाना क्रमांक सांगा. समोरच्याने "बायकांना यातलं काय कळतं" म्हणून फोन ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही. कर्जाचा अर्ज नामंजूर झाला. त्या आईला वाईट वाटलं, तेही साहजिक आहे. पंचवीस वर्षांचा पोरगा घरी बसलेला असला की कुठलीही वाट खरी वाटते.

खरी नोकरी असेल तेव्हाही आईने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. ओएनजीसीची स्वतःची माणसं साधारण चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशी असतात. ठेकेदाराची माणसं महिनोन्‌महिने तिथंच राहतात. बारा-बारा तासांची पाळी असते. बांधकामाचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यात आटोपतो, म्हणजे ऊसतोडीसारखंच अर्धं वर्ष. उरलेल्या महिन्यांचा पगार मिळतो का, हे ठरवताना विचारायचं. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिन्यांचा असतो.

आणि धोका. २७ जुलै २००५ ला, मुंबईत तो महापूर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबई हायच्या उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मला एक बोट धडकली. त्या बोटीवर स्वयंपाक्याची बोटं कापली होती, त्याला उपचाराला प्लॅटफॉर्मवर चढवायचं चाललं होतं. वायूचा नळ फुटला, आग लागली, दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ जण दगावले. मग १७ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसं होती. वादळाचा इशारा आधीच आलेला होता, तरी बार्ज समुद्रातच राहिला. नांगर तुटले आणि तो बुडाला. सत्तरच्या वर माणसं गेली. नौदलाने बाकीच्यांना त्या लाटांतून बाहेर काढलं. बऱ्याच मृतदेहांची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली.

पोरांना घाबरवायला हे सांगत नाही. उसाच्या फडातही माणसं मरतात, आणि त्यांची बातमीही होत नाही. पण समुद्रातल्या मरणाला किंवा अपंगत्वाला कायद्याने भरपाई आहे, आणि ती मागायला तो माणूस तिथं कामाला होता हे दाखवणारा कागद लागतो. दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली, रोखीने पगार घेणाऱ्याकडे तो कागद नसतो. म्हणून पगार बँकेतच आला पाहिजे आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक पहिल्याच महिन्यात मागितला पाहिजे.

मग गटाने कर्ज कशाला द्यावं? आमचं मत विचाराल तर आयटीआयची फी, वसतिगृहाचा खर्च, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, आणि मान्यताप्राप्त संस्थेतला खलाशाचा कोर्स, याला जरूर द्यावं. रक्कम शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात भरावी आणि पावती गटाच्या दप्तरात लावावी. एजंटाच्या हातात द्यायला एक रुपयाही देऊ नये, मग तो सख्खा पाहुणा का असेना. आणि मुलींचे अर्जही याच नजरेने बघा. बार्जवरच्या मजुरीत आज बायका जवळजवळ नाहीत, हे खरं. पण ओएनजीसीत महिला अभियंता समुद्रात जाऊन काम करतात. मुलगी इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक शिकते म्हणाली तर "हे पोरांचं काम" म्हणून तिचा अर्ज बाजूला ठेवू नका.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन भरलेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. रोख दिले असतील तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.

ज्यांची मुलं आधीच तिथं आहेत त्यांनी हे आजच करावं. वहीच्या एका पानावर बार्जचं किंवा बोटीचं नाव, मुख्य ठेकेदार, हाताखालचा ठेकेदार, तिथल्या एका सहकाऱ्याचा फोन आणि घरी परतायची तारीख लिहून घ्या. नेमणूक पत्राची आणि प्रवेशपासाची झेरॉक्स त्यासोबत ठेवा. पोरगं दुसऱ्या बार्जवर गेलं की पान बदला. पी-३०५ च्या वेळी किती घरांना आपला माणूस नेमका कुठल्या बोटीवर आहे हेच सांगता येत नव्हतं.